पेतेलो भावोजींच्या घरची माणसं

भर समुद्रातल्या आमच्या टोकेलाऊच्या बेटावर मासा कोणी धरला याला काही किंमत नाही. होड्या किनाऱ्याला लागल्या की सगळी मासळी चर्चपुढच्या वाळूवर ओतायची आणि पेतेलो भावोजींनी ती वाटायची. ज्याने दिवसभर उन्हात कुपे मासे ओढले त्याला माणशी जेवढं, तेवढंच अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला. काल जन्मलेल्या पोराचाही वाटा निघतो. त्याला दात नाहीत, ही त्याची अडचण. या वाट्याला आम्ही इनाती म्हणतो, आणि गेली एकतीस वर्षं ती भावोजींच्या हातून होत होती.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सिनियाचे मालक. सिनियाला जाऊन नऊ वर्षं झाली. मी त्यांच्या शेजारी राहते, त्यामुळे हा माणूस मला आतून-बाहेरून ठाऊक आहे असं मी सांगते. भावोजी सांगतात, लेपेकाला भिंतीपलीकडचं ऐकू येतं, एवढंच.

वाटताना ते एक अक्षर बोलायचे नाहीत. अनवाणी फिरत ढीग घालायचे, मागे सरून बघायचे, इकडचा एक मासा तिकडे टाकायचे. मग सरळ उभे राहून घराचं नाव आणि माणसं पुकारायचे. "सकालिया, सात." सकालियाची बायको टोपली घेऊन पुढे यायची. बस्स. त्यांच्या वाटपावर कोणी कधी तोंड वाकडं केलं नाही, आणि आमच्याकडे तोंडं वाकडी करणाऱ्यांचा तुटवडा नाही.

नियम साधा आहे. जो बोटीत चढला त्याचा वाटा त्याच दिवशी बंद. जो बोटीतून उतरला त्याचा वाटा त्याच दिवशी सुरू. भावोजींचा सख्खा भाऊ न्यूझीलंडला गेला, तेव्हा बोट अजून डोळ्यांआड झाली नव्हती आणि यांनी त्याच्या घराचं एक माणूस कमी पुकारलं होतं. वहिनी आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

पण अकरा वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी, हेलेनी, शिकायला वेलिंग्टनला गेली, आणि तिचा वाटा काही बंद झाला नाही. सिनिया होती तोवर ते "पेतेलो, तीन" म्हणायचे. ती गेल्यावर "पेतेलो, दोन." घरात राहणारं माणूस एक. सगळ्या बेटाला दिसत होतं. कोणी ब्र काढला नाही. मीसुद्धा नाही, आणि गप्प बसण्यासाठी मी काही प्रसिद्ध नाही.

तिचा मासा ते चिरून, मीठ लावून पत्र्यावर वाळवायचे आणि बोटीने जाणाऱ्या कोणाच्याही गळ्यात मारायचे. हेलेनीने फोनवर एकदा सांगितलं, "बाबा, बोटीपुढे विमान लागतं, तिथल्या विमानतळावर काढून घेतात हो." हे म्हणाले, "घेऊ देत. खातील तरी." आणि पाठवतच राहिले.

आमच्यात घर मुलीचं असतं. मुलगे बायकोच्या घरी जातात, मुलगी आईच्या घरात राहते. सिनियानंतर ते घर हेलेनीचं. तिच्याशिवाय भावोजी म्हणजे तिथले राखणदार, आणि तसेच ते राहत होते. मधली खोली झाडून-पुसून बंद. स्वतः झोपायचे ओसरीत.

तिलाच कशाला बोलावं? शाळा पंधरा-सोळा वर्षांपर्यंत, पुढचं काही हवं असेल तर बोट. नोकरी हवी, बोट. दात काढायचाय, बोट. टोकेलाऊची माणसं आता टोकेलाऊत कमी आणि तिकडे न्यूझीलंडात जास्त आहेत. सकालियाचे सात होते, त्यांचे तीन झाले. भावोजींचं पुकारणं दरवर्षी लवकर संपायला लागलं होतं. मी ते ऐकताना मनात जुने आकडे धरून वजाबाकी करायची. त्यांना काय होत असेल ते त्यांनाच ठाऊक.

गेल्या नाताळाआधी हेलेनीचा फोन आला. ती येत होती, सात वर्षांच्या लेकीला, लोसाला घेऊन. नवऱ्याला सुट्टी नव्हती. भावोजी धावतच माझ्याकडे आले.

"लेपेका, केतकीच्या दोन चटया विणून दे. एक लहान."

"देते की. किती दिवस आहे पोरगी?"

"विचारलं नाही."

"का नाही विचारलं?"

"आपल्याच घरी येणाऱ्याला कोणी विचारतं का, किती दिवस म्हणून?"

"मग मी विचारते."

"तू तोंड उघडू नकोस," ते म्हणाले. एरवी मी सोडलं नसतं, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि चटईला बसले. त्यांनी घराला रंग दिला, मधल्या खोलीच्या खिडक्या काढून पुन्हा बसवल्या. लोसासाठी कोंब फुटलेले गोड नारळ कोपऱ्यात रचून ठेवले. एवढं सगळं कोणी पंधरा दिवसांसाठी करत नाही.

हेलेनी आली. अंगाने भरली होती, हसणं मात्र सिनियाचं. मला मिठी मारून म्हणाली, "मावशी, तू अजून तशीच भांडतेस ना?" मी रडले, लपवत नाही. तिने दोन पेट्या भरून गोठवलेली कोंबडी आणि डबे आणले होते. सगळ्यांना वाटले.

तिसऱ्या दिवशी समुद्र निवला. होड्या दुपारी भरून आल्या. सगळं गाव वाळूवर. भावोजींनी ढीग घातले, आणि कधी नव्हे ते पहिलं नाव स्वतःच्या घराचं घेतलं.

"पेतेलो, तीन."

अकरा वर्षांत प्रथमच तो आकडा खरा होता. आवाज असा खणखणीत की झाडावरचे पक्षी उडाले. हेलेनी लोसाचा हात धरून पुढे आली, टोपलीत पाहिलं, आणि हसत दोन मासे काढून बापाच्या पायाशी परत ठेवले.

"बाबा, एक पुरे आम्हाला. घरात कोंबडी पडलीय. ज्यांच्याकडे माणसं जास्त आहेत त्यांना द्या."

चांगल्या मनाने म्हणाली. पोर मुळात चांगलीच. पण इनाती परत करत नाहीत. घरी नेऊन वाळवा, डुकराला घाला, शेजारी द्या. वाळूवर परत ठेवायची नाही, कारण वाटा घेणं म्हणजे मी इथली आहे असं म्हणणं. हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही कळतं. हेलेनीलाही सोळा वर्षं कळत होतं.

सकालियाची बायको खाली मान घालून वाळू उकरायला लागली. मी म्हटलं, "हेले, उचल ते."

"का गं मावशी?"

तिने खरंच विचारलं. त्याचंच मला जास्त लागलं.

भावोजी चिडतील म्हणून मी कंबर कसून तयार होते. ते चिडले नाहीत. वाकून त्यांनी ते दोन मासे उचलले, ढिगावर ठेवले आणि विचारलं, "परतीची बोट कधीची आहे तुझी?"

"सतरा तारखेची, बाबा. बोलले नव्हते का मी?"

"मी विचारलं नव्हतं."

त्यांनी सगळे ढीग नजरेखालून घातले. त्या दिवशी एक पिवळ्या परांचा मोठा कुपा लागला होता, लोसाएवढा. तो त्यांनी ओढून काढला, त्याच्या अंगावरची वाळू हाताने पुसली. आमच्याकडे पाहुण्याचा वाटा सगळ्यांत आधी निघतो आणि सगळ्यांत मोठा असतो. डॉक्टर येतात तेव्हा निघतो, बिशप येतात तेव्हा निघतो.

"पाहुणे, दोन," भावोजींनी पुकारलं. मग टोपलीकडे वळून, "पेतेलो, एक."

लोसा आनंदाने त्या माशाला मिठी मारायला धावली. हेलेनी जागची हलली नाही. तिला आता सगळं आठवलं होतं.

"बाबा, मी पाहुणी नाही हो."

"घे, बाळ," ते म्हणाले. "सगळ्यांत चांगला दिलाय."

तिने घेतला. काय करणार, तिची बोट सतराची होती.

भावोजी पुढे पुकारत राहिले. सकालिया, तीन. इलिया, चार. एकाही घरात चूक नाही. सगळ्यांत शेवटी माझं नाव आलं. मी टोपली धरली, तर मासा त्यांच्या हातातून दोनदा निसटला. तिसऱ्यांदा मी त्यांच्या हाताखाली हात धरला आणि आम्ही दोघांनी मिळून तो टोपलीत ठेवला.