जुन्या पायथनचा 'आधार' बंद

मित्रहो, आज शुद्ध मराठी लिहायला गेलो आणि मेलो.

औषध दुकानांसाठीचं माझं सॉफ्टवेअर पायथन भाषेच्या जुन्या, मुदत संपलेल्या आवृत्तीवरही चालतं. प्रत्येक दुरुस्ती दोनदा करून जीव गेलाय. म्हणून, बंद करायचा सोमवार दोनदा पुढे ढकलून झाल्यावर, आज सकाळी 'सपोर्ट'चं शुद्ध मराठी करून गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकलं, "जुन्या आवृत्तीचा आधार सोमवारपासून बंद."

लगेच किन्हीराजा गावच्या औषध दुकानदार काकांचा फोन. "भाऊ, आमचं आधार कार्ड तुमी काहून बंद करून राह्यले?"

खरं काय ते समजावलं. मग काका म्हणाले, "माया जुन्या कॉम्प्युटरवर नवं चालत नाई. मुदत संपलेल्या गोळ्या तोच दाखवते. तुमी हात काढला तं कोन सांगन?"

म्हणजे मुदत संपलेला पायथन मुदत संपलेल्या गोळ्या ओळखतोय! सोमवार तिसऱ्यांदा पुढे ढकललाय.

माझी मुदत कुठं छापलीय, कुणाला दिसतेय का?