जाळी कुणी काढली

नवऱ्याला ठाऊक नाही. आईलाही कधी बोलले नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या जुळे सोलापुरातले नाही — उद्या जिन्यात भेटणार नाही.

मासा एवढासा होता, करंगळीएवढा. पुढून पांढरा, शेपटीकडे शेंदरी, पाठीवर दोऱ्यासारखा एक उभा पर, तो सारखा हलवायचा. फायरफिश म्हणतात. प्रवाळातला मासा, तिथं बिळाच्या तोंडाशी तरंगत राहायचं, भीती वाटली की आत शिरायचं. आणि इथं, जिथं नळाला चार-चार दिवसांनी पाणी, तिथं आमचे अण्णा — माझे सासरे, माढ्याला भूगोल शिकवून रिटायर झालेले — हॉलमध्ये काचेच्या टँकमध्ये समुद्र करून बसलेले. फिल्टरच्या पाण्यात मीठ मोजून घालायचे. मे महिन्यात टँकवर छोटा पंखा लावायचे. आम्ही घामाघूम, आणि माशाला पंखा! मी चिडायचे. खरंच चिडायचे.

टँकवर जाळी असायची, लाकडी चौकटीत ठोकलेली. कारण हा मासा दचकला, की वर उडी मारतो. "समुद्रात वर उडी मारली तरी पाणीच असतंय की," अण्णा म्हणायचे. "त्याला काय माहीत, हितं वर आपला हॉल हाय."

त्या रविवारी मी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. कावळे काही ऐकेनात. अण्णा दुपारचे झोपलेले. जाळी अगदी मापाची दिसली — तासाभराचा तर प्रश्न, म्हणून उचलून नेली. मग शेजारीण वर आली, गप्पा लागल्या, आणि... काय सांगू? विसरले.

खाली आले तेव्हा मासा फरशीवर होता. कडक झालेला.

इथवर चूकच आहे, नाही का? चूक कुणाकडूनही होते. मी ती सांगायला बसलेच नाहीये.

मी गच्चीवरून जाळी आणली. कुरडयांचा चीक लागला होता, तो पुसला. आणि टँकशेजारच्या स्टुलावर ठेवली — माशाला खाणं घालताना अण्णा ठेवायचे, तिथंच. त्यांचं तेव्हा थोडं विसरणं चाललं होतं. चष्मा, किल्ली, असलं. नवरा चेष्टा करायचा, ते हसायचे. पण मनातून भ्यालेले होते — त्यांचे थोरले भाऊ शेवटी घरातल्यांनाही ओळखत नव्हते. मला हे माहीत होतं. माहीत असून ठेवली.

ते उठले. फरशीवरचा मासा बघितला, मग स्टुलावरची जाळी. "मीच ठेवली व्हय गं काढून?"

"हो अण्णा. सकाळी खाणं घालताना. मी बघितलं की."

बघितलं, म्हणाले मी. नुसतं हो म्हणून थांबले असते, तर — नाही. काही फरक नसता पडला.

त्यांनी टँक रिकामा केला. महिन्याभरात स्कूटरची चावी नवऱ्याच्या हातात दिली. सकाळचा चहा स्वतः करायचे, तोही सोडला. गॅस चालू राहील म्हणाले. सहा वर्षं झाली. मला वाईट वाटतं का? मुंग्या आलेल्या पायाला चिमटा काढावा तसं आहे. काढून बघते. काही लागत नाही.

डॉक्टर म्हणतात, वयाच्या मानानं स्मरण उत्तम आहे. अण्णांना ते पटत नाही. माझं पटलंय.

आजही बाहेर निघालो, की जिन्यात थांबतात. "कुलूप लावलं का गं मी? बघ की जरा." मी परत वर जाते, कुलूप ओढून बघते. लावलेलंच असतं. दर वेळी लावलेलंच असतं.

खाली येऊन सांगते, लावलंय. तेवढंच सांगते.