झुलीवरचं नाव

"हे काय लिवलं बे?"

मालगुजारानं काठीचं टोक भिंतीला टेकवलं. बरोबर माझ्या आडनावावर.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. शहापूरच्या पुढे, हायवे सोडून आत एक गाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, कधीची गेली होती, पण गाव अजून त्या माणसाला मालगुजारच म्हणे. त्याच्या पोरीचं लग्न होतं.

आमच्याकडे लग्नघराची समोरची भिंत रंगवतात. चुन्यानं पांढरी करायची. खाली गेरूचा पट्टा. दाराच्या दोन बाजूंना सोंडेत हार घेतलेले हत्ती. वर नवरानवरीची नावं. ते काम माझं. या कामाचा एक कायदा मला उस्तादानं शिकवला होता. हत्तीचा डोळा सगळ्यात शेवटी काढायचा. डोळा काढला की हत्ती पाहायला लागला. मग कुंचला धुवायचा आणि भिंतीला परत हात लावायचा नाही.

मी डोळे काढले होते. कुंचला धुतला होता. त्याआधी खाली गेरूच्या पट्ट्यात बोटभर अक्षरात लिहिलं होतं. नाव, आडनाव, मुक्काम कारधा.

"नाव हाये जी माह्यं," मी म्हटलं.

"ते दिसते मले. उद्या पाहुणे येतील. आडनाव वाचतील. मंग पंगतीत बसतील काय माह्या घरी? पुस."

मांडव घालणारे थांबले. आचारी हात पुसत बाहेर आला. एक जण हसला. मालगुजाराचा लेक, वीस-बावीसचा असेल, दारात उभा होता. गेरूचा डबा त्यानंच माझ्याकडे सरकवला. पायानं.

मी पुसलं.

दुसऱ्या कोणी पुसलं असतं तर आज एवढं जळलं नसतं. माझ्या हातानं, माझ्याच कुंचल्यानं पुसलं. हत्ती पाहत असताना.

त्यानंतर वीसेक वर्षं मी कोणत्याच भिंतीवर नाव लिहिलं नाही. कोणी मना केलं नव्हतं. मीच हात आखडायचो. मालगुजारानं एकदा म्हटलं होतं पुस. मी ते रोज पाळलं. चौथी शिकलेला माणूस मी. अक्षरं शाळेत कमी शिकलो, दुकानांच्या पाट्या रंगवून जास्त. साऱ्या भंडाऱ्याची नावं मी लिहिली. स्वतःचं तेवढं सोडून.

मग फ्लेक्स आले. कुंचला खुंटीला गेला. हात मात्र बसू देत नव्हते. तीनेक वर्षांखाली कारध्याच्या माझ्याच घराच्या भिंतीवर मी एक हत्ती काढला. कोणाच्या लग्नाचा नाही. माझा.

नात प्रज्ञा भंडाऱ्याला कॉलेजात जाते. ती मोबाईल घेऊन समोर उभी राहिली.

"आबाजी, खाली नाव लिवा. फोटो टाकून राहिली मी."

"कायले? कोनं मागतलं?"

"कोनी मागतलं नाही, म्हनूनच लिवा."

मी खाली गेरूच्या पट्ट्यात लिहिलं. आडनावावर आलो तेव्हा थांबून चष्मा पुसला. वयामुळे नीट दिसत नाही, असं मी तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती धावत आली. "आबाजी, लोक बदाम देऊन राहिले. लाल लाल."

"कोन लोक?"

"पुन्याचे, मुंबईचे, कुठले कुठले."

"मले वयखतात काय?"

"नाही."

"मंग कायले देतात? सातबारा त नाही मागत ना कोनी?"

ती हसून हसून खाली बसली. मी हसलो नाही. फुकट देणारा माणूस मी अजून पाहिला नाही. खोटं लिहीत नाही, चष्मा लावून ते बदाम दोनदा पाहिले मी. बरं वाटलं. पण भरवसा बसला नाही. देणाऱ्यानं आडनाव वाचून दिला की न वाचता दिला, ते त्या बदामात दिसत नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी प्रज्ञा येऊन बसली. मोबाईल माझ्या हातात दिला. दुसऱ्याच कोणाच्या पानावर माझा हत्ती होता. खालचा पट्टा नव्हता. नावाच्या वरून सरळ कापलेला. सोबत लिहिलं होतं, 'आमच्या घराण्यानं जपलेली जुनी कला.' त्याच्या खाली बदामच बदाम. माझ्यापेक्षा जास्त. वर कोपऱ्यात त्या माणसाचा फोटो होता. केस पिकले होते, पण मी ओळखलं. गेरूचा डबा सरकवणारा.

"असं कसं कापते?" मी विचारलं. प्रज्ञानं करून दाखवलं. चुना लागत नाही, गेरू लागत नाही. बापाला काठी लागली होती. याला बोट पुरलं.

पुढच्या महिन्यात त्याचाच फोन आला. "आबाजी, काय हात हाये तुमचा! पोरीचं लगन हाये. आपल्या भिंतीवर काढा. व्हिडिओ बनवू, सारा महाराष्ट्र पाहीन."

त्याच्या तोंडून आबाजी ऐकलं आणि मी सावध झालो. प्रज्ञा म्हणाली, "जाऊ नोका." मी गेलो. तीच भिंत होती.

दोन्ही हत्ती काढले. पाठीवर लाल झूल टाकली. आणि उजव्या हत्तीच्या झुलीवर, पोटाच्या मधोमध, वीतभर अक्षरात लिहिलं. नाव, आडनाव, मुक्काम कारधा. डोळे ठेवले बाकी.

तो मोबाईल धरून आला. मोबाईल खाली केला.

"आबाजी, हे इथं काहून? खाली लिवा ना, कोपऱ्यात."

"कोपरा कापला जाते जी."

"ते चुकून झालं असन. आता जातपात कोन मानते? पन व्हिडिओत आडनाव बरं नाही दिसत. फक्त 'आबाजी' लिवा. गोड वाटते."

"तुह्या बापानं सरळ 'पुस' म्हटलं होतं," मी म्हटलं. "तू गोड करून सांगून राहिला. गेरूचा डबा तूच सरकवला होता मले. पायानं."

त्यानं मोबाईल खिशात घातला. मग म्हणाला, "डोळे राहिले. उद्या मांडव हाये."

"नाव राहीन त डोळे काढतो."

"दुसरा पेंटर आनीन मी."

"आन."

मी कुंचला धुतला. सगळ्यांसमोर, सावकाश. धुतलेला कुंचला परत भिंतीला लागत नाही. हायवेवर आलो, एसटी धरली.

दुसरा पेंटर मिळाला नाही. मांडवाच्या दिवशी त्यानं साऱ्या भिंतीवर फ्लेक्स ताणला, असं ऐकलं. माझं नाव झाकायला त्याला हत्तीही झाकावे लागले.

"जिंकले आबाजी तुमी," प्रज्ञा म्हणाली.

नाही जिंकलो. त्यानं झाकलंच. पण या वेळी माझा हात त्यात नव्हता.

माझे हत्ती ती अजून टाकते. बदाम अजून येतात. मी अजूनही विचारतो, कोण आहेत हे. पण आता मी कोपऱ्यात लिहीत नाही. झुलीवर लिहितो, आडनावासकट. आधी नाव, मग डोळा. ज्याला माझं नाव चालत नाही, त्यानं हत्ती आंधळाच ठेवावा.