नाखवा दर्वीशची जीभ

इराणच्या किनाऱ्यावरच्या आमच्या कोंग बंदरात नाखवा दर्वीशसारखा तापट म्हातारा दुसरा नव्हता. त्याच्या गलबतावर मी पंधरा वर्षं भात शिजवला आणि शिव्या खाल्ल्या.

एकदा दुबईला निघालो होतो. धुळीच्या वादळानं वरचं शीडसुद्धा दिसेना. अशात त्याचा पुतण्या झैनल आणि दुबईकर अरब जावई खल्फान रेडिओवरची बातमी ऐकून आखाताच्या नावावरून भांडायला लागले.

"फारसी आखात आहे हे!"

"जा रे, अरबी आखात म्हण!"

"तोंडं मिटा, गाढवांनो!" नाखवा कडाडला. "गोळा सोडा!"

चरबी फासलेला शिशाचा गोळा दोरीनं खाली गेला आणि तळाचा गाळ चिकटवून वर आला. नाखव्यानं चिमूटभर गाळ जिभेवर ठेवून डोळे मिटले.

"बसक्या उंटाचा खडक! डावीकडे घ्या, लवकर!"

सुकाणू वळलं. उजव्या अंगाला, अगदी हाताशी, फेसाळलेला काळा खडक धुळीतून निघाला आणि मागे पडला.

बऱ्याच वेळानं खल्फाननं हळूच विचारलं, "मामा, तुम्हीच सांगा, याचं खरं नाव काय?"

"साठ वर्षं तळ चाखतोय. दोनशे जागांची नावं सांगेन. अख्ख्याचं कुठून सांगू? अजून अर्धासुद्धा चाखून झाला नाही." त्यानं गोळा दोघांपुढे आदळला. "घ्या, चाखा. ज्याला जागा ओळखता येईल त्यानं ठेवावं नाव."

दोघांनी गोळ्यावरच्या गाळात बोट बुडवून चाटलं. दोघांनाही नुसता खारट चिखल लागला.