अक्कांची दहा पत्रं

नाही कसं म्हणायचं, हे मी रीतसर फी भरून शिकले. आधी दोन शब्द बरे बोलायचे, मग कारण द्यायचं, मग त्या कारणाच्या आडून नकार सरकवायचा आणि शेवटी शुभेच्छा देऊन मोकळं व्हायचं. हा धडा नववा. बाकीच्या धड्यांसारखाच तोही खाकी पाकिटातून पोस्टानं आला होता, आणि बाकीच्या धड्यांपेक्षा मला तो फार लवकर पाठ झाला.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. मी निपाणीकडून बंगळूरला आले होते आणि बसवनगुडीत, पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट होते. नोकरी कायमची नव्हती, सहा-सहा महिन्यांच्या करारावर होती. करार संपत आला की साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहायचं आणि त्यांनी मान वर करेपर्यंत चुळबुळ न करता थांबायचं. त्या उभं राहण्याची मला इतकी चीड होती की कायम होण्यापलीकडे मला दुसरं काही सुचत नसे. देवळात गेले तरी तेच मागायची.

ऑफिसातला पत्रव्यवहार बघायच्या त्या अक्का. त्यांना सगळेच अक्का म्हणायचे. घराणं मराठी, पण कैक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन स्थायिक झालेलं. त्यांच्या मराठीत निम्मी कानडी असायची आणि ती ऐकून पहिल्या दिवशी मी हसू दाबलं होतं. त्यांना मात्र ऑफिसात मराठी बोलणारी पोरगी आली याचाच कोण आनंद. "बस हिकडं. स्वल्प काफी घे, मग टाइप कर," हे त्यांचं मला उद्देशून पहिलं वाक्य. बावीस वर्षं त्या खिडकीजवळच्या एकाच खुर्चीवर बसून डीलर लोकांना पत्रं लिहीत होत्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. "ह्याच खुर्चीवरनं उठून घरी जाणार बघ," असं त्या दर पंधरा दिवसांनी म्हणायच्या.

अभ्यासक्रमाची जाहिरात वर्तमानपत्रातून कापून त्यांनीच मला आणून दिली. ऑफिसच्या लेखनाचा वरच्या पातळीचा अभ्यासक्रम होता. अर्धा पोस्टानं घरी, अर्धा रविवारी मल्लेश्वरममधल्या एका कॉलेजात. "शिकून घे. कायम करतील मग तुला," त्या म्हणाल्या. फॉर्मवर ओळखीच्या माणसाची सही लागत होती, तीही त्यांनीच केली.

रविवारी शिकवायला जे सर यायचे ते फक्त इंग्रजीत बोलायचे आणि वाईट लिहिलेला कागद दोन बोटांत, ओल्या मोज्यासारखा धरायचे. कुणाचा कागद आहे हे सांगत नसत, पण ज्याचा असेल त्याचे कान लाल होत आणि सगळ्यांना कळे. आम्ही चाळीस जण होतो. आपल्या कागदाची पाळी येईपर्यंत दुसऱ्यावर हसून घ्यायचं, अशी आमची रीत पडली होती. मला तो वर्ग आवडायचा. इतकं निर्दय कुणी माझ्याशी बोललं नव्हतं आणि मला ते खऱ्या शिक्षणाचं लक्षण वाटायचं.

शेवटचं काम सगळ्यात जास्त गुणांचं होतं. आपल्याच ऑफिसातलं एक टेबल निवडायचं, त्या टेबलावरून गेलेली दहा पत्रं घ्यायची, त्यात काय चुकतं ते दाखवायचं आणि शेवटच्या पानावर शिफारस लिहायची. त्या पानाखाली आपल्या ऑफिसच्या प्रमुखाची सही आणायची. सही नसेल तर अहवाल तपासणार नाहीत. सरांचं म्हणणं असं की प्रमुख जे वाचणार नाही ते लिहून काय उपयोग.

आमच्या ऑफिसात पत्रं लिहिण्याचं टेबल एकच होतं.

मी अक्कांना म्हटलं, कॉलेजसाठी तुमची दहा पत्रं हवी आहेत. कशासाठी, ते बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही. त्यांची पत्रं कॉलेजात जाणार म्हणजे चांगली म्हणूनच जाणार, दुसरं काही असू शकतं हे त्यांच्या मनातही आलं नाही, आणि ते मनात येऊ नये याची काळजी मी घेतली. पुढचे तीन दिवस त्या फायली काढून बसल्या होत्या. एक पत्र घ्यायच्या, वाचायच्या, परत ठेवायच्या. शेवटी दहा प्रती एका प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून, गंजलेल्या टाचण्या काढून नव्या लावून माझ्या हातात दिल्या. "गदगचं वर ठेवलंय," त्या म्हणाल्या. "ते माझं बरं आहे."

गदगच्या डीलरनं तक्रार केली होती की तीन पंप गंजलेले आले. पत्राच्या शेवटी, आई वारल्यामुळे लिहायला उशीर झाला, असं एक वाक्य होतं. अक्कांनी उत्तरात अकरा ओळी आईवर लिहिल्या होत्या. स्वतःची आई गेली तेव्हा दोन महिने स्वयंपाकघरात पाऊल टाकता आलं नव्हतं, असं काय काय. पंप बदलून पाठवतो, हे शेवटच्या दोन ओळींत. इंग्रजी जुनाट, वाक्यं ही लांबच लांब. ते पत्र मी काम नसताना परत एकदा वाचलं होतं, हे मी इथे कबूल करते, म्हणजे मला कळत नव्हतं अशी पळवाट राहायला नको.

अहवालात ते मी पहिलं उदाहरण म्हणून लावलं. "विषय सोडून लेखन."

सहीच्या आधी कच्चा अहवाल सरांना दाखवायचा असे. त्या रविवारी त्यांनी ते पत्र दोन बोटांत धरलं. ते नकलाकार होते. कधी न पाहिलेल्या बाईचा आवाज त्यांनी नुसत्या वाक्यांवरून काढला, स्वयंपाकघराच्या ओळीला खिशातून रुमाल काढून डोळ्यांना लावला. वर्गात हशा फुटला. मागच्या बाकावरचा एक जण बाकावर डोकं ठेवून हसत होता. मीही हसले. कागद माझ्याकडून आलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं, तेव्हा मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले, म्हणजे ते पत्र लिहिणारी मी नव्हे हे कळावं.

मग सर माझ्या शिफारशीकडे वळले. मी लिहिलं होतं की कर्मचाऱ्यांना थोडं प्रशिक्षण द्यावं. "पळपुटी शिफारस," सर म्हणाले आणि मला उभं केलं. "तुमच्या प्रमुखानं उद्या सकाळी ऑफिसात येऊन काय करायचं? हे वाचून त्याला काही करता येतंय का? नाही ना? मग हा अहवाल नाही, निबंध आहे. परत लिहा." आता हसण्याची पाळी बाकीच्यांची होती.

सोमवारी अक्कांनी मला दारातच गाठलं. "काय म्हणाले गं सर?"

"गदगचं पत्र वर्गात वाचून दाखवलं," मी म्हणाले.

"हौदा? खरंच?" त्यांचा हात छातीवर गेला. "सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा भरून चिरोटी आणली. घरी सगळ्यांना सांगितलं होतं. यजमानांनी पत्र परत एकदा वाचायला लावलं म्हणे. मी चार चिरोटी खाल्ली. चांगली झाली होती, खुसखुशीत.

त्याच आठवड्यात मी शिफारस परत लिहिली. पत्रव्यवहाराचं काम आधुनिक लेखनाचं शिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडे द्यावं. सध्याच्या सहायिकेला तिच्या अनुभवाचा उपयोग होईल अशा डिस्पॅच विभागात हलवावं. हा बदल येत्या सोमवारपासून करता येईल. तीन वाक्यं. त्या ऑफिसात तसलं शिक्षण घेतलेली व्यक्ती एकच होती. सरांनी मला ढकललं असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. सरांना हवी होती ती शिफारस दहा प्रकारांनी लिहिता आली असती. नवे नमुने करून द्या, छापील उत्तरं ठेवा, काहीही. मला ती खुर्ची हवी होती.

साहेबांनी अहवालाची पहिली पानं उलटलीही नाहीत. थेट शेवटचं पान वाचलं, कारण शेवटचं पान आधी वाचलं जातं हे मला शिकवलेलंच होतं. "अच्छा है," ते म्हणाले, आणि सही केली. मग पेनाचं टोपण लावता लावता विचारलं, "मंडे से कर सकती हो?" मी हो म्हणाले. केबिनबाहेर उभी राहायची माझी ती शेवटची वेळ.

अक्कांना डिस्पॅचला बसवलं. जिन्याखाली, जिथे दिवसाही दिवा लावावा लागे. ऑफिसातून जाणारं प्रत्येक पत्र, ऑफिसातल्या माणसाला दिलेलं असलं तरी, तिथूनच जायचं. जावक रजिस्टरमध्ये नंबर, तारीख, नाव लिहायचं, पाकिटात घालायचं, चिकटवायचं. अहवालाबद्दल त्यांना काही ठाऊक नव्हतं. साहेबांची लहर, असं त्या समजून चालल्या होत्या. आणि मदत मागायला त्या माझ्याकडेच आल्या. दुसरं कोणाकडे जाणार?

"मला अर्ज लिहून दे," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं आहेत नुसती. परत त्या खुर्चीवर बसू दे म्हणावं. माझं लिहिणं आता चालत नाही दिसतं, तुझं नव्या पद्धतीचं आहे."

त्यांनी कच्चा मजकूर लिहून आणला होता. त्यात एक वाक्य होतं: साहेब नवीन लागले तेव्हा त्यांची पहिली सगळी पत्रं अक्कांनी बसून नीट करून दिली होती आणि ही गोष्ट कधी कुणाकडे बोलल्या नव्हत्या. मी ते वाक्य खोडलं.

"ते राहू दे की गं," त्या म्हणाल्या.

"वाचणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, अक्का. मुद्द्याचं तेवढंच ठेवायचं."

"सरी, बरं. तुला जास्त कळतं."

ते वाक्य साहेबांना लागलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच खोडलं. उरलेला अर्ज मी सुरेख लिहिला. आटोपशीर, नेमका आणि नाही म्हणायला अगदी सोपा.

तीन दिवसांनी साहेबांनी तो अर्ज माझ्याच टेबलावर ठेवला. कोपऱ्यात लिहिलं होतं, नकार कळवा. मी पोस्टानं आलेला नववा धडा उघडला नाही. गरज नव्हती. पहिली ओळ लिहिली: तुमच्या बावीस वर्षांच्या निष्ठावान सेवेबद्दल कंपनीला नितांत आदर आहे. मग कारण, मग नकार, मग उर्वरित सेवाकाळासाठी शुभेच्छा. एकही शब्द वावगा नव्हता. साहेबांनी सही केली आणि ते पत्र त्या दिवशीच्या बाकीच्या पत्रांबरोबर जिन्याखाली गेलं.

ते कुणी वेगळं काढून नेऊन द्यावं, असं मला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण मग ते मला नेऊन द्यावं लागलं असतं.

जिन्याखालचं टेबल माझ्या खुर्चीवरून दिसायचं. अक्का एकेक पत्र घेऊन रजिस्टरमध्ये चढवत होत्या. एका पत्राशी थांबल्या. मग वाकून नंबर लिहिला, तारीख लिहिली, आणि नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. पत्राची घडी केली, पाकिटात घातली, पाकिटावर परत स्वतःचं नाव लिहिलं, डिंक लावला आणि वरून तळहातानं दाबलं. सगळं नियमाप्रमाणे. मग तेच पाकीट बाजूनं फाडून पत्र बाहेर काढलं आणि वाचलं, जणू आत्ताच आलंय.

थोड्या वेळानं त्या माझ्या टेबलाशी आल्या. रडल्या नव्हत्या. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"चांगलं लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "पण कौतुकानं सुरू केलंस ना, तेव्हाच कळलं."

मी मशीनमध्ये कागद सरळ करत राहिले. त्या गेल्या नाहीत. माझ्या टेबलावरच्या चिरोट्यांच्या डब्याकडे, जो मी अजून परत केला नव्हता, त्याच्याकडे त्या बघत होत्या.

"ते गदगचं पत्र," त्या हळू म्हणाल्या. "वर्गात वाचलं तेव्हा लोक हसले का गं?"

"नाही, अक्का," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "सरी," म्हणाल्या. डबा उचलला, आणि माझ्या ट्रेमध्ये सही होऊन पडलेली पाच पत्रंही उचलली, कारण ती त्या दिवशी जायला हवी होती. ती पाचही त्या दिवशी वेळेवर गेली.