तीन शिंका

काल शेजारच्या वरातीत बँडवाल्यांनी ते शिंकेचं गाणं वाजवलं. सर्दी झालेल्या नवरदेवाचं ते खुळं गाणं माझ्या लहानपणी आलं. “चार दिवसांत विसरतील लोक,” असं वडील म्हणाले आणि रेकॉर्ड मात्र त्यांनीच आणली. माझ्या हातून तिच्यावर ओरखडा पडला. सुई तिथं दोनदा मागे उडी मारायची आणि गाण्यातली एकच शिंक तीनदा यायची. मी मार खाल्ला. पण गावच्या बँडमास्तरांनी गाणं बसवलं ते आमच्याच ओट्यावर, तीच रेकॉर्ड ऐकून. तेव्हापासून आमच्याकडचा नवरदेव तीनदा शिंकतो.

थोर गाणी लोक जपून ठेवतात. खुळ्या गाण्याला कुणी जपत नाही, म्हणून ते ज्याच्या हाती लागेल त्याचं होऊन जातं. काल ट्रंपेट तीनदा शिंकला, आणि नवरीच्या आजोबांसकट सगळी वरात त्याच्यामागे तीनदा शिंकली.

घरी येऊन नातीला मोबाइलवर मूळ गाणं ऐकवलं. एकाच शिंकेवर ते पुढे गेलं, तशी ती म्हणाली, “आजोबा, ह्यांना पूर्ण येत नाही वाटतं.”