टँकरचं गाणं

गिटार मी शिकलो ती भीमजयंतीच्या गाण्यांवर. वस्तीतल्या गायन पार्टीचा बेंजोवाला पुण्याला गेला, म्हणून मला उभं केलं. बेंजो मला जमेना. बीडच्या एका बँडवाल्याकडून जुनी गिटार आणली आणि तिच्यावरच भागवलं. पुढं औरंगाबादला शिकणाऱ्या मित्रानं रॉकच्या कॅसेटी दिल्या. शब्द कळायचे नाहीत, पण ती गिटार ऐकली की अंगावर काटा यायचा. लग्नाचा ऑर्केस्ट्रा, कव्वाली, भीमगीतं, मी सगळीकडं वाजवायचो. जीव मात्र रॉकमध्ये अडकला होता.

तेव्हा मी सहकारी साखर कारखान्यात हंगामी कामगार होतो. दुष्काळाचं दुसरं वर्ष. ऊसच नव्हता, त्यामुळं गाळप बंद. आम्ही चौघांनी बँड जमवला होता, कारखान्याच्या रिकाम्या कँटीनमध्ये सराव करायचो.

आई रोज सकाळी टँकरच्या रांगेत उभी राहायची. एक दिवस तिचा नंबर यायच्या आत पाणी संपलं. ती घरी आली, घागर उंबऱ्यात ठेवली आणि कुणाकडं न बघता म्हणाली, "टँकर आला, रांग हालली, माझी घागर रितीच ऱ्हायली."

मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि त्याभोवती गाणं बांधलं. माझं स्वतःचं पहिलं गाणं. कँटीनमध्ये वाजवलं तेव्हा गेटवरचे कामगार आत येऊन बसले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, पण उठूनही कुणी गेलं नाही.

आठवड्याभरात चेअरमनचा माणूस आला. कारखान्याची निवडणूक जवळ आली होती. चाल झकास आहे, फक्त एक ओळ फिरवा, असं त्याचं म्हणणं. पुण्यात रेकॉर्डिंग करू, हंगाम लागला की तुम्हाला कायम करू. मी दोन दिवस मागून घेतले. खरं सांगायचं तर ओळ मी त्याच संध्याकाळी बदलली होती. 'साहेबांमुळं घागर भरली.'

पुण्याच्या स्टुडिओत माझी गिटार मोठ्या स्पीकरमधून पहिल्यांदा ऐकली, तेव्हा फार आनंद झाला. तो मी आज नाकारत नाही.

मग ते गाणं वाजवत प्रचाराची जीप गावोगाव फिरू लागली. आमच्या वस्तीतही आली, नेमकी टँकरच्या वेळेला. आई रांगेतच होती. घरी आल्यावर तिनं मला विचारलं, "ते गाणं तुझंच हाय न्हवं?"

मी हो म्हणालो.

"मग माझी घागर कवा भरली?"

ती रागावली नाही. भाकरी वाढली, शेजारी बसली. पण कुठं वाजवायला चाललास, हे तिनं त्यानंतर मला कधीच विचारलं नाही.

चेअरमन निवडून आले. कारखाना एक हंगाम कसाबसा चालला आणि बंदच पडला. कायमची नोकरी बोलण्यातच राहिली. आमचा ड्रमर पुण्याला कंपनीत लागला, बाकीचेही पांगले. मी वाजवत राहिलो. गेवराईला लग्नात लीड गिटार, बीडला भजनाच्या कॅसेटला बेस, कुठं नुसता ठेका धरायला. याच्या हातात काहीबी द्या, वाजवतो, असं लोक कौतुकानं म्हणायचे. स्वतःचं गाणं काही पुन्हा झालं नाही. दोन-तीनदा वही घेऊन बसलो आणि उठलो.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी युसूफ वडगाव या गावात कार्यक्रम होता. लोकांनी त्याच गाण्याची फर्माईश केली. त्या दिवशी मी ठरवून आईची ओळ म्हटली. अर्धी झाली असेल नसेल, तोच समोरून सगळ्यांनी एका सुरात साहेबांची ओळ उचलली. बाया, म्हातारे, सगळे. आनंदानं म्हणत होते बिचारे. तीच तर त्यांच्या कानात बसलेली.

मी माईकपासून मागं सरलो आणि नुसती गिटार वाजवली. संपल्यावर ते म्हणाले, परत एकदा होऊ द्या. वाजवलं.